खंडूचा उपास

'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण काही घरांत टोमणा म्हणून वापरतात. आमच्याकडे ती बेत म्हणून वापरली जाते. आदल्या रात्री साबुदाणा भिजतो, दाण्याचं कूट होतं, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रताळी उरलीत का याची चौकशी होते. उपास म्हणजे रोजचे पदार्थ बंद आणि त्यांच्या जागी दुसरे, बहुधा जास्त तुपकट, सुरू. त्यामुळे आमच्या कुत्र्याला किमान आठ आठवडे एकाच खाण्यावर ठेवायचं आणि त्याखेरीज एक कणही तोंडात जाऊ द्यायचा नाही, असं प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आईने लगेच विचारलं, "आणि वरीचे तांदूळ?"

खंडू लॅब्राडॉर आहे. चंपाषष्ठीला घरी आला, शिवाय रंगाने पिवळा, म्हणून नावावर फार वाद झाला नाही. दुसऱ्या वर्षी त्याला खाज सुटली. हे वय अगदी ठरलेलं असतं म्हणे; कुत्र्यांची ॲलर्जी बहुतेक वेळा सहा महिने ते तीन वर्षांच्या दरम्यान डोकं वर काढते. तो आधी पंजे चाटू लागला, मग काखा, मग पोट. कान आतून लाल झाले. रात्री घर शांत झालं की त्याचा मागचा पाय मानेवर आणि कोपर फरशीवर, असा ठेका सुरू व्हायचा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात गाठून अदबीने विचारलं, "रात्री दोन वाजता काय कुटता हो तुम्ही?"

पुण्यात माणसाला काही झालं तर चार जण सल्ला देतात, कुत्र्याला झालं तर अख्खी टेकडी देते. सकाळी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांचं म्हणणं, चिकन बंद करा, उष्ण पडतंय. त्यांच्याच सौभाग्यवतींचं म्हणणं, चिकन वाढवा, अशक्तपणा आहे. तिसऱ्यांनी मोकळ्या प्लॉटातल्या गाजर गवताकडे बोट दाखवलं आणि हे गवत देशात पहिल्यांदा पुण्यातच सापडलं, १९५०च्या दशकात, हेही सांगितलं. सांगताना आवाजात तक्रारीपेक्षा अभिमान जास्त होता. आईने मीठमोहरीने दृष्ट काढली. गुण आला नाही, म्हणून खोबरेल तेलात हळद कालवून त्याला नखशिखान्त लेप लावला. लेप ओला असतानाच खंडूने अंग झटकलं. भिंती, सोफा, पडदे, बाबांचं वर्तमानपत्र, सगळ्याची जेजुरी झाली. माझी मुलगी ईरा 'येळकोट येळकोट' ओरडत घरभर नाचली. खंडूने उरलेला लेप चाटून संपवला आणि वाटीकडे बघत बसला.

मग डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, आवाज शांत आणि दंडावर मांजराचे ओरखडे. तिने सांगितलं, "ॲलर्जीच वाटते. पण ॲलर्जी आहे असं थेट दाखवणारी एकही चाचणी नाही. खाजेची बाकीची कारणं एकेक करून बाद करायची. शेवटी जे उरेल ते."

बाबा बँकेतून निवृत्त झाले आहेत. कागदावर शिक्का नाही अशी कुठलीही गोष्ट त्यांना अफवा वाटते. "रक्त तपासा ना सरळ," ते म्हणाले.

"काका, खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्ताच्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. धूळ, परागकण यांच्यासाठी रक्ताची किंवा त्वचेची चाचणी करतात, पण तीही निदान झाल्यावर. इंजेक्शनांनी हळूहळू सवय लावायची असेल तर त्यात काय घालायचं, ते ठरवायला."

बाबांनी खिशातून छापील कागद काढला. कुत्र्याचे चार केस आणि थोडी लाळ पाठवा, शेकडो पदार्थांचा अहवाल घरपोच. डॉक्टर हसली. २०१९ साली अमेरिकेतल्या प्राण्यांच्या त्वचातज्ज्ञांनी अशाच एका चाचणीची परीक्षा घेतली होती. खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर त्यांनी नकली फर आणि निर्जंतुक मीठपाणीही पाठवून दिलं. कुत्रा कुठला आणि खेळणं कुठलं, हे त्या चाचणीला ओळखता आलं नाही.

"खेळण्याला कशाची निघाली?" बाबांनी विचारलं. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

पहिली पाळी पिसवांची. डॉक्टरने बारीक दातांच्या फणीने खंडूची पाठ विंचरली आणि फणीतले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले. माती असेल तर कण काळेच राहतात, पिसवांची विष्ठा असेल तर भोवती तांबूस डाग पसरतो, कारण ते पचलेलं रक्त असतं. "आमच्याकडे पिसवा?" आई म्हणाली. "मी दोनदा फरशी पुसते दिवसातून." कागदावर हळूच दोन तांबूस टिकल्या उमटल्या. आईने त्या दिवशी घरी येऊन तिसऱ्यांदा फरशी पुसली.

पिसवांची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला पिसवांची फौज लागत नाही. चावताना आत जाणाऱ्या लाळेचं वावडं असतं, त्यामुळे थोडे चावेही पुरतात. अंगावर दिसतात त्या फार थोड्या. अंडी, अळ्या आणि कोश गालिच्यात, सोफ्याच्या फटीत आणि अंथरुणाच्या घड्यांत सुखात नांदत असतात. औषध म्हणूनच एकदा देऊन भागत नाही, महिनोन् महिने द्यावं लागतं. पण या ॲलर्जीत कुत्रा खाजवतो ते शेपटीच्या बुडाशी, आणि खंडूचा सगळा कारभार पुढच्या भागात. म्हणजे पिसवा दोषी, पण मुख्य आरोपी नव्हेत. कातडी खरवडून पाहिली, खरजेचे किडे नव्हते. कानातल्या मळात मात्र यीस्ट आणि जिवाणू भरपूर सापडले. खाजवून खाजवून कातडी सोलली की हे पाहुणे वस्तीला येतात आणि मग स्वतःची वेगळी खाज सुरू करतात. त्यांच्यासाठी कॅप्सूल आणि औषधी शाम्पू मिळाला. धूसफूस फारच वाढली तर द्यायला ओक्लासिटिनिबच्या गोळ्याही मिळाल्या. ही गोळी खाजेचा निरोप मेंदूपर्यंत पोचू देत नाही. स्टेरॉइड दिलं असतं तर त्याची भूक वाढली असती, आणि लॅब्राडॉरची भूक वाढल्यावर घरात काय उरेल याचा अंदाज डॉक्टरलाही होता.

शाम्पूबद्दल थोडं सांगायलाच हवं. बाटलीवर लिहिलेलं असतं: अंगाला लावून दहा मिनिटं ठेवावा. हे वाक्य लिहिणाऱ्याच्या घरी कुत्रा नसणार. चार बाय पाचच्या बाथरूममध्ये बत्तीस किलोचा फेसाळलेला प्राणी, दाराला पाठ लावून मी, बादलीवर बसून स्टॉपवॉच धरलेली ईरा. पहिली दोन मिनिटं तो विश्वासाने बघतो. तिसऱ्या मिनिटाला अंग झटकतो आणि अर्धा शाम्पू माझ्यावर येतो. म्हणजे औषधाची मात्रा दोघांत वाटली जाते. पाचव्या मिनिटाला बाहेरून बाबा विचारतात, "आत जायचं होतं, अजून किती?" सातव्या मिनिटाला कुणीतरी कडी काढतं. त्यानंतरची तीन मिनिटं शाम्पू अंगावर राहतो, पण कुत्रा आईच्या गादीवर असतो. त्या काळात माझी कातडी मात्र इतकी सुधारली की ऑफिसात लोकांनी विचारलं.

पंजे चाटणं तरीही थांबेना, तेव्हा खाण्याची परीक्षा ठरली. डॉक्टरने विचारलं, "याने आजवर कधीच खाल्लं नाही असं प्रथिन सांगा. नवीन काहीतरी देऊन बघू."

सोपा प्रश्न होता. खोलीत शांतता पसरली.

"मटण?" डॉक्टर म्हणाली. मटण रविवारी होतंच. मासे? "बोंबील, पण वासापुरता," बाबा म्हणाले. अंडं माझ्या बायकोबरोबर, रोज. पनीर ईराबरोबर. हरभऱ्याची डाळ? होळीला दोन पुरणपोळ्या, तूप लावून. सोयाबीन पुलावात होतं. एकेक कबुली बाहेर पडत होती आणि आम्ही एकमेकांकडे नव्या नजरेने बघत होतो. कुत्र्यांच्या अन्न-ॲलर्जीत सर्वांत जास्त सापडतात ती गोमांस, दूधदुभतं, कोंबडी आणि गहू. पहिलं सोडलं तर उरलेल्या तिघांवर खंडूचं सगळं बालपण पोसलेलं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मग तयार खाणंच घ्या. यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ती ओळखूच येत नाहीत." पोत्याची किंमत ऐकून बाबांनाही ती रक्कम ओळखू आली नाही.

नियम कडक होते. बिस्किट नाही, पोळीचा तुकडा नाही, खाली पडलेला शेवेचा दाणा नाही. जंताची गोळीसुद्धा चवीची नको, त्या चवीतही मांसाची प्रथिनं असू शकतात. "राजगिरा?" आईने विचारलं. नाही. "शेंगदाणे तरी?" नाही. "म्हणजे निर्जळीच की," आई म्हणाली आणि खंडूकडे अशा नजरेने पाहिलं की तो उठून तिच्या पायाशी जाऊन बसला.

पहाऱ्याची सगळी जबाबदारी बाबांनी घेतली. वही केली. तारीख, वेळ, काय दिलं, किती खाजवलं, शेरा. फ्रीजवर सूचना लागली. खंडूच्या पट्ट्याला ईराने पाटी बांधली, 'मला काहीही खायला देऊ नका'. याचा परिणाम असा झाला की पूर्वी ज्यांचं त्याच्याकडे लक्षही नसायचं, ते थांबून पाटी वाचू लागले आणि "उपाशी ठेवतात हो बिचाऱ्याला" म्हणत खिशात हात घालू लागले. वॉचमनकाकांचं बिस्किट बंद करायला सोसायटीच्या चेअरमनना मध्ये पडावं लागलं. कामाच्या मावशी गुरुवारी दत्ताच्या कुत्र्यांना म्हणून चतकोर भाकरी काढून ठेवतात; तो घास चौकातल्या दुसऱ्या कुत्र्याकडे वळवताना माझी नास्तिक म्हणून नोंद झाली.

असा आहार नीट पाळला तर पाच आठवड्यांत ऐंशी टक्क्यांहून जास्त कुत्र्यांत फरक दिसतो, ज्यांच्या खाजेचं मूळ खाण्यात असतं त्यांच्यात. खंडूत दिसला. कान फिके झाले, रात्रीचं कुटणं थांबलं, खालच्या काकू हसून बोलू लागल्या. आणि मग एकदम पुन्हा सुरू.

बाबांनी घरातल्या घरात चौकशी समिती नेमली. अध्यक्ष तेच, सचिव तेच. प्रत्येकाला जेवणाच्या टेबलाशी एकट्याने बोलावलं. ईराचं दप्तर उघडलं. आईला विचारलं, देवापुढची खडीसाखर कमी कशी होते? आई त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही, आणि भाजीत मीठही बोललं नाही. माझ्या बायकोने तेवढ्या वेळात वही चाळली. कान पुन्हा चिघळल्यावर कॅप्सूल नव्याने सुरू झाल्या होत्या, त्या बाबांच्या ताब्यात. रोज सकाळी नऊला नोंद होती, 'कॅप्सूल १ (पे.)'.

"बाबा, हे 'पे.' म्हणजे? पेनिसिलिन?"

बाबांनी चष्मा पुसला. "पेढा," ते म्हणाले. "नुसती कॅप्सूल तो थुंकतो."

आई आतून बाहेर आली.

"अर्धाच असायचा," बाबा म्हणाले. "आणि औषधाबरोबरचं खाण्यात धरत नाहीत. शिवाय नोंद केलेली आहे. लपवलं असतं तर गोष्ट वेगळी."

डॉक्टरला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. बहुधा फोन लांब धरून हसत असावी. मग म्हणाली, घड्याळ शून्यावर आणा. कॅप्सूल पोत्यातलेच दाणे भिजवून त्यांच्या गोळीतून द्यायची. आईने लगेच ताबा घेतला. वही मात्र बाबांकडेच राहिली, कारण इतक्या प्रामाणिकपणे स्वतःविरुद्ध पुरावा लिहून ठेवणारा माणूस दुसरा मिळाला नसता.

पुढचा उपास निर्विघ्न पार पडला. खाज बरीच गेली, सगळी नाही. पावसाळ्यात पंजे अजून चाटतो. उरलेली खाज घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची असावी, असं डॉक्टर म्हणते. एकाच कुत्र्याला दोन्ही असणं काही विशेष नाही आणि ही दुसरी ॲलर्जी बरी होत नाही, ताब्यात ठेवायची. पण पहिली सिद्ध करायची तर शेवटची पायरी उरते. बंद केलेले पदार्थ एकेक करून मुद्दाम परत द्यायचे, प्रत्येकी दोन आठवड्यांपर्यंत, आणि खाज परतते का बघायचं.

म्हणजे उपास सोडायचा. घरात निवडणुकीचं वातावरण आलं. ईरा बिस्किटांतर्फे उभी राहिली, आई पोळीतर्फे. बायकोने कोंबडीला पाठिंबा दिला, त्यात तिचाही वाटा होता. बाबा म्हणाले, आधी दूध. माझ्या पेढ्यावर आळ आहे, तो धुऊन निघाला पाहिजे. ज्येष्ठत्वाच्या मुद्द्यावर ते जिंकले. रोज सकाळी स्वतःच्या हाताने त्यांनी वाटीत दूध ओतलं, मिलीलीटर वहीत टिपले. आठवडा भरायच्या आत खंडूचे कान लालभडक झाले आणि काकू पुन्हा जिन्यात भेटल्या.

बाबांनी निकाल मान्य केला नाही. फोन त्यांनी स्वतः लावला, स्पीकरवर.

"हे पिशवीतलं गायीचं होतं. आमचे पेढे म्हशीच्या दुधाचे असतात."

"काका, दोन्हींतली प्रथिनं जवळजवळ सारखीच."

"बरं, मग बकरीचं?" बाबा म्हणाले. "गांधीजींनीसुद्धा दूध सोडलं होतं. पण बकरीचं चालायचं त्यांना."

"काका," डॉक्टर म्हणाली, "गांधीजींना खाज नव्हती."

बाबांनी तेही वहीत लिहून घेतलं.