व्हार्डनची ग्रिप आणि तिच्या नावावर खपवलेल्या गोष्टी

गोल्फ शिकणाऱ्यांमध्ये हॅरी व्हार्डनबद्दलचा एक मजकूर अधूनमधून डोळे झाकून फॉरवर्ड होत असतो. त्याचा सारांश असा: व्हार्डननं ओव्हरलॅपिंग ग्रिप (क्लब म्हणजे गोल्फची काठी धरायची एक पद्धत) शोधून काढली, तिच्या जोरावर सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकली, त्याचा स्विंग इतका अचूक होता की दुपारच्या फेरीत त्याचा चेंडू सकाळी स्वतःच उडवलेल्या गवताच्या खड्ड्यात जाऊन बसायचा, आणि रबरी चेंडू आला तसा तो संपला. सहा विजेतेपदं खरी आहेत. बाकीचं एकेक करून पाहू.

ग्रिपपासून सुरुवात करू. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनीवर चढवायची, डावा अंगठा उजव्या तळव्याखाली झाकायचा, म्हणजे दोन्ही हात एकजीव होऊन चालतात आणि उजवा हात दांडगाई करत नाही. ही पद्धत व्हार्डनच्या आधी स्कॉटलंडचा हौशी खेळाडू जॉनी लेडले वापरत होता. हा लेडले 1889 आणि 1891 मध्ये अमॅच्युअर चॅम्पियनशिप जिंकलेला, म्हणजे कोपऱ्यातला कुणी अनामिक नव्हे. व्हार्डननं ती घराघरांत पोचवली, त्याचं श्रेय त्याला जरूर द्या.

आता ‘ग्रिपच्या जोरावर’ जिंकल्याचं. जे. एच. टेलर आणि जेम्स ब्रेड या त्याच्या दोन मोठ्या प्रतिस्पर्ध्यांचे हातही क्लबवर तसेच बसलेले असायचे. 1894 ते 1914 या काळातल्या 21 ओपनपैकी 16 या तिघांनी वाटून घेतल्या: व्हार्डन 6, टेलर 5, ब्रेड 5. ग्रिप तिघांचीही एकच असेल, तर व्हार्डनची सहावी ओपन तिच्या खात्यात कशी टाकणार?

त्याचं वेगळेपण स्विंगमध्ये होतं, आणि गंमत म्हणजे तो स्विंग आजच्या कोचला दाखवला तर तो कपाळावर हात मारून घेईल. बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे नेण्याच्या, टोकाला व्हार्डनचा डावा कोपर चक्क वाकलेला. डावी टाच जमिनीवरून उचललेली. आज नवशिक्याला पहिल्याच दिवशी ‘डावा हात ताठ’ म्हणून दटावतात. पण व्हार्डनच्या हातातला शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, हिकरी लाकडाचा होता. स्टीलला ब्रिटनमध्ये 1929 साली मान्यता मिळाली, तोवर त्याची कारकीर्द आटोपली होती. हिकरी नुसती लवत नाही, ती पिळवटतेही. घाईनं हिसका दिला की क्लबचं तोंड भलतीकडे वळतं. म्हणून त्याची लय संथ, पकड बोटांत आणि हलकी. त्यातही सेंट अँड्रूजकडचे खेळाडू क्लब अंगाभोवती आडवा फिरवायचे, तर हा जर्सी बेटावरचा माळ्याचा मुलगा तो उभा वर न्यायचा. चेंडू उंच जायचा, हळुवार उतरायचा आणि जागेवर थांबायचा. ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) लांबून मारा करणाऱ्याला याहून काय हवं?

खड्ड्यांची गोष्ट इथेच मोडते. व्हार्डन आयर्ननं (लोखंडी डोक्याच्या क्लबनं) मारताना गवत जेमतेम खरवडायचा, मोठाले तुकडे उडवायचा नाही. म्हणजे सकाळी खड्डाच नाही, तर दुपारी चेंडू पडणार कशात? शिवाय समुद्रकाठच्या मैदानांवर सकाळचा वारा दुपारी तसाच राहत नाही. कौतुकाच्या भरात कुणीतरी केलेली थट्टा आपण इतिहास म्हणून वाचतोय, इतकंच.

राहिला रबरी चेंडू. 1902 ला हॉयलेकमध्ये सँडी हर्डनं हॅस्केलचा रबरी चेंडू वापरून व्हार्डन आणि ब्रेड यांना एका स्ट्रोकनं मागे टाकलं, हे खरं. व्हार्डनचा जीव जुन्या गट्टापर्चाच्या (झाडाच्या चिकाच्या) कडक चेंडूत होता, हेही खरं. पण तो संपला कुठे? पुढच्याच वर्षी प्रेस्टविकला तो जिंकला, सख्खा भाऊ टॉम सहा स्ट्रोकनी मागे, दुसरा. त्या स्पर्धेत त्याला धड उभंही राहवत नव्हतं, कारण अंगात क्षय होता. त्यानंतर त्याची रवानगी सॅनेटोरियममध्ये झाली. पुढची सात वर्षं ओपन हातून निसटत राहिली, त्याचं कारण शोधायचं तर आधी हा आजार पाहावा. आजारानंतर छोट्या पटच्या (ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलायच्या हलक्या फटक्याच्या) वेळी उजवा हात झटका द्यायचा. ग्रीनपर्यंत राजासारखा यायचा आणि दोन फुटांवर अडायचा. (तसा पटिंगमधला निष्काळजीपणा आधीचाही: 1900 ची यूएस ओपन टेलरला दोन स्ट्रोकनी हरवून जिंकली, तेव्हा शेवटच्या होलवर काही इंचांचा पट मारायला गेला आणि क्लब चेंडूला लागलाच नाही.)

तरी 1911 ला इंग्लंडमधल्या सँडविच गावी त्यानं 36 होलच्या प्लेऑफमध्ये (बरोबरीनंतरच्या निर्णायक लढतीत) फ्रान्सच्या आर्नो मासीला इतकं मागे टाकलं की मासीनं 35 व्या होलवरच हार मानली. 1914 ला प्रेस्टविकला टेलरला तीन स्ट्रोकनी मागे टाकून सहावी ओपन, वय 44. दोन्ही रबरी चेंडूनंच. 1920 ची यूएस ओपन ओहायोतल्या इन्व्हर्नेसला होती. पन्नाशीचा व्हार्डन शेवटचे सात होल उरले असताना आघाडीवर होता. मग सोसाट्याचा वारा सुटला, थकलेल्या हातांनी पट हुकत गेले आणि त्याच्याच जर्सीचा टेड रे एका स्ट्रोकनं जिंकला.