एक जपमाळ आणजो ना!

तमिळनाडूत वेलंकनीला, मदर मेरीच्या चर्चला, जाऊन राहिलो म्हटलं की नागपुरातल्या आमच्या सदरची अर्धी गल्ली दारात. "काही नको बाप्पा, एक जपमाळ आणजो फक्त!" अशा एकोणीस 'फक्त' जपमाळा झाल्या यंदा. एकीत ५९ मणी. गुणाकार तुम्हीच करा.

८ सप्टेंबरच्या सणाची ती गर्दी, घामाच्या धारा, आणि मी मातेसमोर उभं राहायचं सोडून दुकानात यादी वाचतोय. निळी माळ मावशीची, चमकणारी मूर्ती शेजारच्या काकूंची (त्या दर मंगळवारी टेकडी गणपतीला जातात, पण वेलंकनी माता हवीच), तेलाची बाटली आणखी कुणाची. ती बाटली बॅगेत सांडली. दरवर्षी सांडते.

बरं, दुकानातली माळ आशीर्वादित नसते. विकत घेतल्यावर फादरांकडे न्यावी लागते. म्हणजे पुन्हा रांग, हातात दोन किलोची पिशवी.

घरी पोचलो, तर मावशी म्हणे, "निळी काहून आणली रे? पांढरी सांगितली होती ना!"

पैसे? मातेच्या प्रसादाचे कोणी पैसे देते का, भाऊ!