ओव्हन आहे, पण नानकटाई मिळणार नाही

लॉकडाऊनमध्ये ज्या ज्या घरात केक झाले त्या घरांतले ओटीजी, म्हणजे केकचे छोटे इलेक्ट्रिक ओव्हन, आता विकायला निघालेत, अन् घरच्या घरी स्वस्तात पावडर कोटिंग, म्हणजे धातूवर रंगाची कोरडी पावडर चिकटवून ती भाजणं, करायचं असेल तर पहिली खरेदी हीच. मी घेतला तो साठ लिटरचा. आता ओव्हनला लिटर कशाला लावतात, मी काय त्यात पाणी भरणारे का? बघायचं असतं ते आतलं माप, त्यातून वरच्या-खालच्या रॉडपासून सोडायची जागा वजा करायची, की मग साठ लिटरात लुनाचा स्टँड तिरका, पोट आत घेऊन, कसाबसा बसतो. अन् एकदा त्यात पावडर भाजली की परत खायचं काही त्यात करायचं नाही, हा नियम पक्का. सासूबाईंना मी हे तीनतीनदा समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. मग नानकटाई कधी करतेस?"

लुना म्हणजे माझ्या बाबांची मोपेड. लुना बाजारात आली १९७२ साली, आमची त्यानंतरची, पण पेडल मारल्याशिवाय चालू न होण्याचा मूळ स्वभाव तिने शेवटपर्यंत सोडला नाही. सगळी खोलून बसल्यावर म्हणलं की छोटे पार्ट कोटिंगला देऊ. आता मी राहते चिंचवडला, नोकरी भोसरीत, आजूबाजूला पावडर कोटिंगवाले पैशाला पासरी. पण त्यांचं गणित वेगळं असतं, रंग बदलायचा म्हणजे पावडर उडवायची गन, तिची होज, बूथ सगळं साफ करायला लागतं, त्यामुळे एक रंग लागला की त्याचा पूर्ण लॉट काढल्याशिवाय ते दुसऱ्याला हात लावत नाहीत. "मॅडम, पाच-सहा पीससाठी निळा नाही लावता येणार. सिमेन्स ग्रे चालूय, त्यात टाकू? नायतर काळा." बाबांची लुना सिमेन्स ग्रे! म्हणजे गॅरेजमध्ये लुना नाही, इलेक्ट्रिकचं पॅनल उभं करायचं.

तर मग गन आली, छोटा कॉम्प्रेसर आला, अन् निळी पावडर आली. पावडरचा बॉक्स वीस-पंचवीस किलोचा असतो, दुकानदाराने उपकार केल्यासारखी एक किलो सुटी दिली. एक किलोत ६० मायक्रॉनच्या थराने आठ-दहा चौरस मीटर सहज होतं. माझे सगळे पार्ट मिळून एक चौरस मीटर पण नाही. उरलेली पावडर कुठल्या बरणीत ठेवली होती यावरून घरात जे झालं ते मी इथे लिहीत नाही.

व्हिडिओत दाखवतात ते सगळं खोटं नसतं, फक्त अर्धं असतं. गन धरली, फुस्स केलं, भाजलं, चकाचक. त्याच्या आधीचं धुणं कोणी दाखवत नाही. कारखान्यात याला सेव्हन टँक म्हणतात, ग्रीस काढा, धुवा, गंज काढा, धुवा, फॉस्फेटिंग करा म्हणजे रंग पकडायला फॉस्फेटचा थर द्या, धुवा, शेवटी परत गंजू नये म्हणून पॅसिव्हेशन, असे सात हौद ओळीने. आमच्याकडे बाथरूममध्ये दोन टब अन् एक बादली. नवऱ्याने दारातून बघितलं, "अगं, मी अंघोळ कुठे करू?" म्हणाला, अन् उत्तराची वाट न बघता ऑफिसला गेला. स्टँडवर इंजिन ऑइल, चिखल आणि वर्षानुवर्षांची धूळ यांचा असा काही थर की तो काढला तर लुना पडेल की काय अशी शंका यावी. शेवटी मी स्टँड पाण्याखाली धरला, झाला साफ म्हणून बाजूला ठेवणार तेवढ्यात भांड्याच्या मावशी आल्या. त्यांनी तो हातात घेतला, उजेडाकडे केला.

"ताई, तेलकट आहे अजून."

"कुठे?"

"हे काय, पाण्याचे मणी होतायत. साफ असतं तर पाणी सपाट पसरलं नसतं का?"

इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला वॉटर ब्रेक टेस्ट म्हणतात. मावशींना ती पुरणपोळीच्या तव्यावरून माहितीये. गंज काढायला त्यांनी चिंच सुचवली, मी फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर दाखवलं तर वास घेऊन म्हणाल्या, एवढे पैसे कशाला घातले. अन् पावसाळा असल्यामुळे गंमत अशी की इकडे लोखंड पांढरंशुभ्र झालं म्हणून टॉवेल आणायला जावं तर तिकडे परत नारिंगी झाक. धुतल्या धुतल्या हेअर ड्रायरने वाळवायला लागतं. माझ्या केसांना त्या ड्रायरने एवढं कधी जपलेलं नाही.

मग अर्थिंग. गन पावडरला चार्ज देते, पार्टला अर्थ दिलेला असतो, त्या ओढीने पावडर जाऊन चिकटते, सगळा खेळ एवढाच. आमच्या बिल्डिंगमध्ये चिकटेचना. पार्टवर बसायची अन् मी शिंकले की खाली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "अर्थिंग आहे ना मॅडम, तीन पिनचा बोर्ड आहे." बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकामागे काहीच नाही. म्हणजे इतकी वर्षं आमचा फ्रिज, गीझर, मिक्सर सगळे देवाच्या भरवशावर! नवी वायर ओढून घेतली, तिचा खर्च गनपेक्षा जास्त झाला, पण गीझरला हात लावताना आता मी डोळे मिटत नाही.

अर्थिंग आलं तरी कोपऱ्यात पावडर जाईना. त्याला जबाबदार शास्त्रज्ञ फॅरेडे. १८३६ साली त्याने पत्रा मढवलेल्या खोलीत बसून दाखवून दिलं होतं की बाहेर कितीही चार्ज असला तरी आत काही पोचत नाही, अन् माझ्या स्टँडच्या बेचक्यात तो नियम अजून लागू आहे. चांगल्या गनमध्ये व्होल्टेज कमी करायची सोय असते. माझ्या गनला एकच बटण, चालू आणि बंद. मग पार्ट आधी ओव्हनमध्ये गरम करून तापलेल्या बेचक्यातच पावडर मारायची, ती लागताक्षणी वितळून बसते. बेचकं भरतं, थर जरा जाड बसतो, आपण तिकडे बघायचं नाही.

आता हे सगळं मारायचं कुठे? स्वयंपाकघरात अजिबात नाही, बारीक पावडर हवेत दाटलेली असताना ठिणगी मिळाली तर भडका उडू शकतो, आणि आमच्याकडे एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला सासूबाईंचं निरांजन. म्हणून मग गॅलरी, तिथे फ्रिजचा जुना खोका आडवा करून केलेला बूथ, तोंडाला कोरोनातले उरलेले मास्क. खोक्याला तीन भिंती होत्या. वारा चौथ्या बाजूने आला.

खालच्या मजल्यावरच्या काकांचे ओले पांढरे सदरे दोरीवर होते. मी धावत खाली गेले, बेल वाजवून सांगितलं, "काकू, वाळल्यावर नुसते झटका, अन् काही झालं तरी इस्त्री करू नका." काकूंनी निळे ठिपके बघितले आणि त्यांचा समज झाला की नीळ नीट विरघळली नाही. त्यांनी इस्त्री केली. कॉटनवर ठेवलेली इस्त्री जवळपास २०० डिग्रीला जाते, अन् माझी पावडर भाजायची १८० ते २०० ला! तरी पूर्ण भाजायला दहा मिनिटं तरी लागतात, इस्त्री एका जागी थोडाच वेळ फिरते, त्यामुळे कोटिंग नियमानुसार अर्धवटच क्युअर झालेलं होतं, पण हा मुद्दा त्या वेळी मांडण्यासारखा नव्हता. नवे सदरे घेऊन दिले. जुने काकांनी टाकले नाहीत.

भाजण्याचं तर विचारूच नका. ती दहा मिनिटं मोजायची ती धातू तापल्यावर, ओव्हनची हवा तापल्यावर नाही, अन् ओटीजीच्या बटणावर लिहिलेले २०० म्हणजे एक सदिच्छा असते. घरात कपाळाला लावायचा थर्मामीटर होता, तो स्टँडवर धरला तर त्यावर नुसतं "हाय" आलं. शेवटी मल्टिमीटरला लावायची थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजायची, वायर आणली, ती थेट पार्टला बांधायची. तेव्हा कळलं की चेनकव्हरचा पत्रा लगेच तापतो, स्टँड मात्र पेन्शनीत निघाल्यासारखा निवांत. आमची सुट्टी गुरुवारची, कारण एमआयडीसी गुरुवारी बंद, आणि दुरुस्तीसाठी लाईट जाते ती पण गुरुवारीच. स्टँड १६० ला पोचला, पावडर वितळून छान ओली चमकायला लागली, आणि ओव्हन थंड. लाईट आल्यावर परत तापवला, झाला. ॲल्युमिनियमच्या ओतीव पार्टने मात्र पोटातली हवा बरोबर भाजतानाच बाहेर सोडली, सगळीकडे टाचणीएवढी भोकं. असले पार्ट आधी कोरडे भाजून घ्यायचे असतात. तो परत टबात गेला.

बाकीचे झाले मात्र सुंदर. चेनकव्हर मी दोन दिवस हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलं होतं. मावशींनी निरखून बघितलं, "रंग चांगला बसलाय," म्हणाल्या, "घासलंय कोणी ते पण सांगा येणाऱ्याला."

परवा खालचे काका आले, अंगात तोच ठिपक्यांचा सदरा, हातात पिशवी. "अगं, किती धुतला तरी जात नाही हा रंग! पक्काय एकदम." पिशवीत दाराचे कडी-कोयंडे, गंजलेले, वर ऑइलपेंटचे तीन थर. मी हात पुढे करणार तेवढ्यात बाथरूममधून मावशींचा आवाज आला, "ताई, आज धुणार नाही हां, आधीच सांगते."