ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक? अजिबात नाही

नातेवाइकांच्या ग्रुपवरून फिरत फिरत तो मेसेज माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचला. तिचं बाळ मुदतीआधी जन्मलेलं, दूध पिताना दमणारं. मेसेजचं म्हणणं असं : ठसका लागत नसेल तर दूध फुप्फुसात जात नाही, लागत असेल तर मध किंवा पावडर घालून दूध दाट करा, बाकी वय वाढलं की आपोआप सुटतं. "मग तपासणी रद्द करू का?" असा तिचा फोन आला. त्यामुळे गप्प बसवेना.

पहिलाच मुद्दा सर्वांत घातक. श्वासनलिकेत थेंब शिरला की खोकला यायला हवा, खरंय. पण त्यासाठी घशातली संवेदना शाबूत लागते. मुदतीआधी जन्मलेल्या किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलांत ती क्षीण असू शकते. दूध स्वरयंत्राखाली उतरतं आणि मूल हूं की चूं करत नाही. याला सायलेंट अ‍ॅस्पिरेशन म्हणतात. अशा वेळी लक्ष ठेवायचं ते दुसऱ्याच गोष्टींवर : पाजल्यावर आवाज ओलसर होणं, छातीत घरघर, पिता पिता डोळ्यांत पाणी, ओठ निळसर पडणं, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया. तरीही नुसतं बघून खात्री होत नाही. व्हिडिओफ्लुरोस्कोपीत बेरियम मिसळलेलं दूध मूल पीत असतानाच एक्स-रेने चित्रण करतात. घोट अन्ननलिकेत गेला की श्वासनलिकेत, ते पडद्यावर दिसतं. बहिणीला रद्द करायची होती ती हीच तपासणी!

'आपोआप सुटतं' हे काही बाळांबाबत खरं, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ वाढीबरोबर बसत जातो. पण स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला जन्मजात फट असेल आणि तिच्यातून दूध श्वासनलिकेत शिरत असेल तर? ती नुसती वाट पाहून कशी कळणार?

दाट दुधाचंही तसंच. काही मुलांना डॉक्टर ते देतात, पण तपासून आणि दाटपणा ठरवून. 'सिंपलीथिक' हे दाट करणारं उत्पादन ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना देऊ नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०११ मध्ये दिला. ते घेतलेल्या काही बाळांच्या आतड्याला गंभीर इजा झाली होती, काही दगावलीही होती. २०१२ मध्ये तोच इशारा सगळ्याच वयाच्या तान्ह्यांसाठी वाढवला. आणि मध? वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून बोट्युलिझम, म्हणजे एका जिवाणूच्या विषाची बाधा, होऊ शकतो. त्यात स्नायू लुळे पडतात, चोखण्या-गिळण्याचेही. म्हणजे गिळता येत नाही म्हणून दिलेल्या उपायानेच बाळाचं गिळणं बंद पडू शकतं. निदान ही मधाची ओळ तरी पुढे पाठवू नका, पाठवली असेल तर आजच काढा.