उतारवयातील आवाज आणि वृद्धी घटकांची इंजेक्शने : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. उतारवयात क्षीण होणाऱ्या आवाजावरील माझ्या लेखात, स्वरतंतूंत वृद्धी घटक (ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढायला सांगणारे रेणू) टोचण्याचा, जपानमध्ये 2008 सालापासून माणसांवर वापरला जाणारा उपचार मी ‘प्रयोगशाळेबाहेर न आलेला’ म्हणून एका वाक्यात निकालात काढला आणि भजनी मंडळात गाणाऱ्या ज्येष्ठांच्या हाती केवळ व्यायामांची यादी ठेवली, असा आपला आक्षेप आहे. त्याचा पहिला भाग मला पूर्णपणे मान्य आहे. ते वाक्य चुकीचे होते आणि मी ते मूळ लेखातून काढून टाकले आहे. दुसऱ्या भागाशी मात्र मी सहमत नाही, आणि त्याची कारणे थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे.

आधी माझी चूक. क्योतो येथील शिगेरू हिरानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 63 वर्षांच्या एका पुरुषाच्या झिजलेल्या स्वरतंतूंमध्ये बेसिक फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर हा वृद्धी घटक टोचल्याचा अहवाल 2008 मध्ये प्रसिद्ध केला आणि 2012 मध्ये अशाच दहा रुग्णांचे निष्कर्ष मांडले. त्याच घटकाचे औषध जपानमध्ये 2001 पासून शय्याव्रण आणि त्वचेवरील न भरणाऱ्या जखमांसाठी फवाऱ्याच्या रूपात उपलब्ध आहे. म्हणजे रेणू नवा नव्हता, नवी होती ती जागा. हे सगळे ठाऊक असताना मी घाईने ते वाक्य लिहिले, याला सबब नाही.

आता मतभेदाकडे येतो. त्या दहा रुग्णांचा आवाज सुधारला, हे मी नाकारत नाही. परंतु त्या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता. स्वरतंतूत काहीही द्रव टोचला की तो काही काळ फुगतो आणि मधली फट कमी होते. शिवाय उपचार सुरू असलेला माणूस आवाज जपून वापरतो, पाणी अधिक पितो, घसा खाकरणे टाळतो. यांतील किती सुधारणा औषधाची आणि किती बाकीच्या गोष्टींची, हे केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ मोजून वेगळे काढता येत नाही. आपण आयुष्यभर विज्ञान शिकवले आहे, तेव्हा हा मुद्दा आपल्याला मी समजावून सांगणे थोडे विचित्रच आहे. पण आपल्या प्रतिक्रियेतील ‘सिद्ध झालेला’ हा शब्द मला खटकला तो याच कारणाने.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि तिच्या बाबतीत माझा मूळ लेखही गोंधळलेला होता. वयाने झिजलेला स्वरतंतू आणि वण पडलेला स्वरतंतू ही दोन वेगळी दुखणी आहेत. स्वरतंतूच्या पातळ आवरणाखाली जेलीसारखा मऊ थर असतो. पुरुषाच्या साध्या बोलण्यात सेकंदाला शंभरहून अधिक वेळा आणि स्त्रीच्या बोलण्यात सुमारे दोनशे वेळा हे आवरण त्या थरावर लाटेसारखे सरकते. वय वाढते तसे या थराला मऊ ठेवणारे हायल्युरॉनिक आम्ल कमी होते, कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन दाट होते, खालचा स्नायूही बारीक होतो आणि दोन्ही तंतू मध्यभागी धनुष्यासारखे एकमेकांपासून दूर वाकून त्यांच्यात फट राहते. गाणारा म्हणतो, ‘आवाजात हवा येते, दम पुरत नाही.’ वण पडलेल्या तंतूत मात्र आवरण खालच्या थराला चिकटलेले असते. तिथे फट भरून काढली तरी लाट उठत नाही.

फायब्रोब्लास्ट, म्हणजे हा थर बनवणाऱ्या पेशी, वाढवणारा आणि त्यांच्याकडून हायल्युरॉनिक आम्ल बनवून घेणारा घटक झिजेला उपयोगी पडावा, हे तर्काला धरून आहे. वणासाठी जपानी चमूने वेगळा रेणू निवडला, हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर, कारण तो तंतुमयता, म्हणजे वणातील कोलॅजेनची वाढ, रोखतो. 18 रुग्णांवरील त्याची पहिली चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा मुख्य उद्देश सुरक्षितता तपासणे हा होता. त्यानंतर प्लासिबोशी (औषध नसलेल्या, पण तसेच दिसणाऱ्या इंजेक्शनशी) तुलना करणारी तिसऱ्या टप्प्याची चाचणी तिथेच हाती घेण्यात आली. ज्यांनी हा उपचार घडवला त्यांनाच अशा चाचणीची गरज वाटली, याची नोंद आपण घ्यावी.

आपण शेवटी विचारले आहे की, हे सगळे सोडून आपल्याच रक्तातून काढलेली पीआरपी (रक्त यंत्रात फिरवून वेगळा केलेला, बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स भरपूर असलेला द्रव) टोचून घ्यायला काय हरकत आहे, कारण ‘त्यातही ग्रोथ फॅक्टरच असतात’. असतात, पण एकच नसतो. बिंबिकांतून अनेक घटक एकदम बाहेर पडतात आणि त्यांत टीजीएफ-बीटा हा वृद्धी घटकही असतो, जो कोलॅजेन वाढवून वण घट्ट करण्यासाठी प्रसिद्ध आहे. हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर ज्याच्या विरोधात काम करतो, तोच घटक या मिश्रणात येतो. शिवाय प्रत्येकाचे रक्त वेगळे, ते फिरवण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे एका रुग्णाला दिलेली पीआरपी आणि दुसऱ्याला दिलेली पीआरपी यांना एकच औषध म्हणणे कठीण आहे. परदेशांत स्वरतंतूंसाठी तिचा वापर होतो, काही रुग्णांना बरेही वाटते. परंतु जपानमधील आकडे दाखवून इथे पीआरपी सुचवणे म्हणजे एका दुकानाची पावती दुसऱ्या दुकानात चालवण्यासारखे आहे.

व्यायामांविषयी आपण थोडे उपहासाने लिहिले आहे. झिजलेल्या तंतूंमध्ये श्वास, स्नायू आणि कंपन यांचा मेळ पुन्हा बसवता येतो, आणि नेमाने काही आठवडे केलेल्या स्वरव्यायामांनी अनेकांचा आवाज इतका सुधारतो की इंजेक्शनचा विषयच निघत नाही. तेवढ्याने भागले नाही तर चरबी किंवा हायल्युरॉनिक आम्ल भरून फट कमी करता येते, किंवा थायरोप्लास्टी, म्हणजे स्वरयंत्राच्या कूर्चेवर शस्त्रक्रिया करून तंतू जवळ आणणे, करता येते, जिची पद्धत क्योतोच्याच नोबुहिको इश्शिकी यांनी 1970 च्या दशकात मांडली. या क्रमात वृद्धी घटक आज मी शेवटी ठेवतो. जपानमधील तुलनात्मक चाचण्यांनी तो क्रम बदलला, तर मी आनंदाने बदलेन.

आपल्या स्वतःच्या आवाजाबद्दल सांगायचे तर, कोणतेही इंजेक्शन घेण्यापूर्वी स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात तंतूंचे कंपन पाहण्याची तपासणी) करून घ्यावी आणि ‘माझ्या तंतूंत झीज आहे, वण आहे की दोन्ही’ हा एकच प्रश्न डॉक्टरांना विचारावा. आपण पूर्वी बरीच वर्षे विडी ओढत होता, असेही आपण लिहिले आहे. अशा वेळी तंतूंवर पांढरा चट्टा नाही ना, हे आधी पाहणे आवश्यक आहे, कारण पेशींना वाढायला सांगणारे औषध कर्करोगाच्या दृष्टीने संशयास्पद पेशींच्या शेजारी कोणीही जाणूनबुजून ठेवणार नाही. तपासणीचे चित्रण मिळाले की ते घेऊन अवश्य या.

आपला स्नेहांकित,
लेखक