सतरा पानी वेबसाइट

परवा मी केलेली वेबसाइट माझ्यापुढे टेबलावर आपटण्यात आली. आपटण्यात आली हे अगदी शब्दशः. १७ पानं, डाव्या कोपऱ्यात स्टेपल, आणि प्रत्येक पानावर लाल पेनाने इतक्या दुरुस्त्या की त्यापेक्षा नापासाचा पेपर स्वच्छ असतो.

आपटणारे काका क्लायंटचं अकाउंट्स बघतात. वेबसाइटशी त्यांचा संबंध एवढाच, की माझ्या शेवटच्या हप्त्याचा चेक त्यांच्या ड्रॉवरमधून निघायचा आहे. साहेब म्हणाले होते, "काकांच्या नजरेखालून जाऊ दे एकदा, बारीक नजर आहे त्यांची." मी लिंक पाठवली. लिंक पाठवली की माणूस ती उघडेल आणि स्क्रीनवर बघेल, असं मी गृहीत धरलं. काकांनी मेनूतलं एकेक पान उघडून प्रिंट काढली होती.

"अहो वेबसाइटवाले, पहिल्याच पानावर कंपनीचं नाव नाही."

नाव होतं. गडद निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरात होतं. पण शाई वाचावी म्हणून ब्राउझर प्रिंट काढताना मागचे रंग आणि मागची चित्रं आपणहून गाळतो. प्रिंटच्या खिडकीत 'बॅकग्राउंड ग्राफिक्स' या चौकोनात टिक केली तरच ती उमटतात. पट्टी गेली, अक्षरं राहिली, आणि पांढऱ्या कागदावर पांढरं नाव वाचायला काकांची नजरही पुरली नाही. मी हे सगळं समजावलं. काकांनी ऐकून घेतलं आणि नोंद केली: "नाव नाही."

"बरं, हे प्रत्येक पानाच्या डोक्यावर तेच तेच काय आहे? खालच्या दोन ओळी झाकल्यात."

तो स्क्रोल केलं तरी वर चिकटून राहणारा हेडर. साहेबांनी हौसेने मागून घेतलेला. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, ज्याला 'पोझिशन फिक्स्ड' देतात, ते स्क्रीनवर एका जागी थांबतं आणि कागदावर दर पानाला पुन्हा छापलं जातं, खालच्या मजकुराच्या उरावर बसून.

"आणि या तीन आडव्या रेघा? मेनू कुठाय?"

इथे मला थोडं अवघड झालं, कारण प्रश्न बरोबर होता. ए-फोर कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. ब्राउझर एका इंचाला ९६ पिक्सेल धरतो, म्हणजे झाले साधारण ७९४. दोन्ही बाजूंचे समास वजा करा, हातात उरतात सातशेच्या आसपास. ही साइट ज्या सॉफ्टवेअरवर बांधली त्या वर्डप्रेसचा कॉलम ब्लॉक ७८१ पिक्सेल आणि त्याखाली शेजारशेजारचे कॉलम एकाखाली एक लावतो, आणि आमच्या थीमचा, म्हणजे साइटच्या तयार साच्याचा, मेनूही तेवढ्या रुंदीत तीन रेघांत गुंडाळला जातो. थोडक्यात, ब्राउझर कागदाला मोठा मोबाइल समजतो. सहा पानांत मावेल अशी साइट १७ पानांवर गेली ती मुख्यतः यामुळे.

"प्रश्न आठ विचारलेत, उत्तर एकाचंही नाही," काका पुढच्या पानावर गेले. "उत्तरं माहीत नव्हती तर विचारायचे कशाला?"

"काका, त्यावर क्लिक केलं की उत्तर उघडतं."

"कागदावर कुठे क्लिक करू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच पानाच्या तळाशी 'अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा' असं छापलं होतं आणि त्याखाली काकांनी दोनदा रेघ मारली होती. फोटोंच्या जागी करडे चौकोन आले होते. वेगासाठी लावलेलं प्लगइन, म्हणजे वरून जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर, फोटोचा खरा पत्ता लपवून ठेवतं आणि पान तिथवर सरकवल्याशिवाय फोटो आणतच नाही. काकांनी पान सरकवलं नव्हतं, थेट प्रिंट दिली होती. स्लायडरच्या, म्हणजे आपोआप बदलत्या चित्रांच्या पट्टीच्या, पाच चित्रांपैकी एकच आलं होतं, आणि त्यात साहेब नव्हते. याची नोंद वेगळ्या चौकटीत.

इथपर्यंत मी मनातल्या मनात हसत होतो, हे कबूल करतो. मग काकांनी चौदावं पान उलटलं.

"हे ए. वर्डप्रेस कमेंटर कोण?"

माझं हसू तिथेच वाळलं.

ज्यांनी वर्डप्रेस बसवलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नवं वर्डप्रेस टाकलं की ते रिकामं घर देत नाही. 'हॅलो वर्ल्ड!' नावाची एक पोस्ट, 'सॅम्पल पेज' नावाचं एक पान, आणि त्या पोस्टखाली 'अ वर्डप्रेस कमेंटर' नावाच्या गृहस्थांची एक कमेंट, एवढं सामान आधीच मांडलेलं असतं. थीम भरल्या घरात कशी दिसेल ते कळावं, हा हेतू. बसवल्या बसवल्या पहिलं काम म्हणजे हे तिन्ही उडवायचं. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ ला आली, आज जगातल्या दर दहा वेबसाइटींमागे चारेक तरी त्याच्यावर चालतात, आणि त्यांतल्या किती ठिकाणी ही पोस्ट अजून नांदत असेल देव जाणे. मी सॅम्पल पेज उडवलं होतं. पोस्ट राहिली. 'ताज्या घडामोडी' हा ब्लॉक शेवटच्या पोस्टा आपोआप उचलतो. त्याने तीच एक उचलून पहिल्या पानावर लावली होती, आणि काका बातमी समजून आत शिरले होते.

"आपले कस्टमर आहेत का हे? माझ्या लेजरमध्ये कमेंटर नावाचं खातं नाही."

"नाही काका, ते... तसे कुणीच नाहीत."

"त्यांनी एवढं लिहिलंय, आणि आपण उत्तर नाही दिलं. बरं दिसतं का? साहेबांना सांगून दोन ओळी पाठवायला हव्यात. पूर्ण नाव काय त्यांचं? ए म्हणजे?"

मी म्हटलं, ती नमुन्याची कमेंट असते, सॉफ्टवेअरच लिहितं, माणूस नसतोच. काकांनी चष्मा कपाळावर नेला. माणूस नाही, तरी नाव आहे, फोटोची जागा आहे, आणि तारीख आहे. हिशेबाच्या वहीत अशा माणसाला काय म्हणतात ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"तारखेचं बोलायचं तर," ते म्हणाले, "ही तारीख बघा. म्हणजे काम या दिवशी सुरू झालं. आज ३६ वा दिवस. कोटेशनमध्ये २० दिवस आहेत."

ही गोष्ट माझ्या कधी डोक्यात आली नव्हती. 'हॅलो वर्ल्ड!' वर वर्डप्रेस बसवल्याची तारीख असते. माझ्या विरुद्धचा पुरावा मी माझ्याच हाताने पहिल्या पानावर टांगला होता. यांच्या कंपनीची माहिती २२ व्या दिवशी माझ्या हातात आली, तीही कागदाचा फोटो काढून, वाकडा, एका कोपऱ्यात अंगठ्यासकट. ती मी टाइप केली, २४ व्या दिवशी लिंक पाठवली, आणि पुढचे १२ दिवस ती काकांकडे पडून होती. पण मजकूर कधी आला याची तारीख वर्डप्रेस कुठे छापत नाही. काम कधी सुरू झालं याची छापतं. क्लायंटच्या बाजूने इतकं इमानदार सॉफ्टवेअर दुसरं नसेल.

मी लॅपटॉप उघडला आणि काकांच्या डोळ्यांदेखत पोस्ट ट्रॅशमध्ये टाकली. तिथून ३० दिवसांनी ती आपसूक जाते, पण मी थांबलो नाही, ट्रॅशही रिकामा केला. कमेंटर गेले. आणखी एक होतं, संपर्काच्या पानावर फोन नंबरात नऊच आकडे होते. हे साहेबांनी पाहिलं नव्हतं, मी पाहिलं नव्हतं, काकांनी बोट ठेवून मोजलं होतं. तेही दुरुस्त केलं. (कागदावर चुका दिसतात त्या स्क्रीनवर दिसत नाहीत, हे खरं आहे. पण हे काकांसमोर बोललो असतो तर पुढची प्रत स्पायरल बाइंडिंग करून आली असती.)

दुसऱ्या दिवशी फोन. "आत्ता ताजी प्रिंट काढली. कमेंटर तसेच आहेत. नंबरही नऊच आकडी."

आता, केलेला बदल दिसत नाही म्हटलं की या धंद्यातला कुणीही आधी कॅशेवर, म्हणजे वेगासाठी साठवून ठेवलेल्या प्रतीवर, संशय घेतो. जुनी प्रत चार ठिकाणी साठलेली असू शकते: ब्राउझरमध्ये, साइटच्या कॅशे प्लगइनमध्ये, होस्टिंगच्या सर्व्हरवर, आणि मध्ये सीडीएन, म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा, लावलं असेल तर तिथे. मी आतून बाहेर निघालो. प्लगइनमधून कॅशे पुसली. मग होस्टिंगच्या पॅनेलमधून. मग सीडीएनवरून. हा क्रम उलटा केला तर पुसलेल्या जागी आतली जुनी प्रत पुन्हा येऊन बसते, आणि माणूस स्वतःच्या डोक्यावर संशय घेतो. इन्कॉग्निटो खिडकीत पाहिलं, पोस्ट नाही. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून काहीतरी खरडलं, म्हणजे पुष्कळशा कॅशेना ते वेगळं पान वाटतं. पोस्ट नाही. डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये सर्व्हरची उत्तरं वाचली. सगळं ताजं. मोबाइलच्या डेटावर पाहिलं. ताजं. काकांना फोन लावून म्हटलं, कंट्रोल आणि एफ-फाइव्ह एकदम दाबा. दाबलं म्हणाले. प्रिंट काढा. काढली. कमेंटर हजर.

दीड दिवस. होस्टिंगवाल्यांना तिकीट टाकलं. त्यांनी उत्तर दिलं की कृपया आपल्या ब्राउझरची कॅशे पुसून पाहा.

शेवटी मी काकांच्या टेबलाशी जाऊन ती ताजी प्रिंट हातात घेतली. ब्राउझरमधून काढलेल्या प्रिंटच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख आणि वेळ असते, खालच्या कोपऱ्यात पत्ता आणि पान क्रमांक. मी आयुष्यभर ही भानगड काढून टाकायला लोकांना शिकवत आलो, 'हेडर्स अँड फूटर्स'ची टिक काढा म्हणून. तिथली तारीख दोन आठवड्यांपूर्वीची होती. लिंक पाठवली त्या दिवसाची.

"काका, प्रिंट कशी काढता ते दाखवा बरं."

काकांनी डेस्कटॉपवरचं 'वेबसाइट' नावाचं फोल्डर उघडलं. आत ओळीने पीडीएफ. पहिल्या दिवशी सगळी पानं त्यांनी सेव्ह करून ठेवली होती, इंटरनेट गेलं तर पंचाईत नको म्हणून. तेव्हापासून प्रत्येक 'ताजी' प्रिंट त्याच फायलींची. एफ-फाइव्ह त्यांनी खरोखर दाबलं होतं. पीडीएफवर.

"म्हणजे तुम्ही तिकडे बदललं की हे बदलत नाही?" काकांनी विचारलं. चूक कुणाची याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. "मग अपडेट अपडेट म्हणता ते काय?"

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, प्रिंट हा वेबसाइटचा भागच नाही, कोटेशनमध्ये कुठेही नाही. साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी कोटेशन काढलं. कलम चार, माझ्याच शब्दांत: 'वेबसाइट सर्व ठिकाणी नीट दिसेल.' मोबाइल आणि टॅबलेट असं लिहायचा कंटाळा केला होता. "कागद हे ठिकाण नाही का?" काका म्हणाले.

तर मी वेबसाइटसाठी प्रिंटचं सीएसएस लिहिलं. फुकट. चाइल्ड थीमच्या, म्हणजे मूळ थीमवर चढवलेल्या आपल्या थराच्या, स्टाइलशीटमध्ये, कारण मूळ थीममध्ये लिहिलं तर पुढच्या अपडेटला पुसलं जातं. 'अॅट मीडिया प्रिंट' असा एक कंस उघडायचा, आतले नियम फक्त कागदाला लागतात. हेडरचं पोझिशन 'स्टॅटिक', म्हणजे तो पहिल्या पानावर एकदाच येतो. मेनूच्या रेघा, स्लायडर, फूटर यांना 'डिस्प्ले नन'. अक्षरं काळी. दडवलेल्या उत्तरांना 'डिस्प्ले ब्लॉक', पुढे 'इम्पॉर्टंट' लावून, नाहीतर प्लगइन ऐकत नाही. लिंकच्या मागे तिचा पत्ता कंसात छापला जाईल असा एक नियम, म्हणजे क्लिक कुठे करू हा प्रश्न मिटला. फोटोंपुरतं ते लेझी लोड, म्हणजे पान सरकवल्यावरच फोटो आणणं, बंद. स्टाइलशीटचा आवृत्ती क्रमांक वाढवला, म्हणजे फायलीचा पत्ता बदलतो आणि ब्राउझर जुनी फाइल काढून दाखवत नाही. कॉलम तेवढे एकाखाली एकच ठेवले. सातशे पिक्सेलमध्ये तीन कोंबले की एका ओळीत दोनच शब्द मावत होते.

ते पीडीएफचं फोल्डर मी काकांच्या परवानगीने उडवलं, आणि त्यांच्या शेजारी उभं राहून थेट साइटवरून प्रिंट काढवली. नऊ पानं आली. काकांनी ती साहेबांना नेऊन दाखवली. "बघा, निम्म्यावर आणली." कुणी आणली ते बोलले नाहीत. साहेब खूश. ती नऊ पानं पंच करून फाइलला लागली, आणि ड्रॉवर उघडला. चेकबुक बाहेर आलं. पेन उघडलं. पेन थांबलं.

"मोबाइलवर वेबसाइट वेगळी दिसते म्हणे. तिचीही एक प्रत लागेल फाइलला."

मी म्हटलं, "काका, आत्ता लावलीत ना, ती मोबाइलचीच आहे."

काकांनी पेनाला टोपण लावलं आणि फाइल पुन्हा उघडली.

"मग कॉम्प्युटरची कुठाय?"