मोडकी फळी आणि स्टीव्ह रोक्को

गॅरेजमध्ये लेकाचा मोडका डेक पडलाय. डेक म्हणजे स्केटबोर्डची नुसती फळी. बरोब्बर मधोमध तुटलाय आणि तुटल्या कडेला मेपलचे सातही थर मोजता येतात. पायऱ्यांवरून उडी मारून खाली येताना पाय फळीच्या मध्यावर पडला की खेळ खल्लास. पोराला लागलं नाही, हे बघून झाल्यावर माझ्या डोक्यात आलं, झालं, आता पुन्हा साठ-सत्तर डॉलर.

पण या धंद्याचं पोटच मुळी फळ्या मोडण्यावर भरतं. आणि ते ज्याला सगळ्यात आधी नीट कळलं, त्या स्टीव्ह रोक्कोबद्दल कधीपासून लिहायचं होतं.

हा स्वतः फ्रीस्टाइल, म्हणजे सपाट जमिनीवर फळीच्या करामती करणारा. 1987 मध्ये स्केटबोर्ड बनवणाऱ्या व्हिजन कंपनीने त्याला हाकललं. मग पठ्ठ्याने उधारउसनवारी करून (सावकाराकडून, असं सांगतात) स्वतःच फळ्या विकायला सुरुवात केली, आणि त्यातून उभी राहिली वर्ल्ड इंडस्ट्रीज. ज्याने आज प्रत्येक पोरगं करतं ती किकफ्लिप (उडी मारून पायाने फळी हवेत गोल फिरवायची) शोधली, तो रॉडनी मलन पॉवेल पेराल्टासारखी तालेवार कंपनी सोडून याच्याकडे आला. स्वतःचे साठवलेले पैसेही त्यात घातले.

रोक्को म्हटलं की लोक त्याचा वात्रटपणाच आठवतात. जाहिरातींतून पॉवेल पेराल्टाच्या जॉर्ज पॉवेलची जाहीर टिंगल, दुसऱ्यांच्या ट्रेडमार्कची उचलेगिरी, वकिलांच्या नोटिसा. माझ्या मते तो सगळा तमाशा होता. खरा सुरुंग त्याने लावला तो हिशेबात.

ऐंशीच्या दशकातल्या बड्या कंपन्या फळीवरचं एकेक चित्र वर्षानुवर्षं चालवायच्या. त्यांचे हिरो मोठमोठ्या रॅम्पवर उडायचे. पोरं मात्र तोवर रस्त्यावर उतरली होती. फुटपाथची कड, जिन्याचा कठडा, शाळेच्या पायऱ्या, एवढ्यावर त्यांचं भागत होतं. रॅम्प बांधायला कोणाच्या बापाकडे पैसे आणि जागा आहे? रोक्कोने हे ओळखलं. थोडा माल काढायचा, चित्रकार मार्क मॅकीकडून नवं चित्र काढून घ्यायचं, नोटीस येईपर्यंत विकून मोकळं व्हायचं आणि पुढच्या चित्राला लागायचं. 1989 मध्ये पॉवेल सोडून आलेल्या स्केटर माइक व्हॅलेलीसाठी त्यांनी काढलेला ‘बार्नयार्ड’ डेक दोन्ही टोकांना वर वळलेला होता. आमच्या गॅरेजमधली फळी त्याचीच नातवंड.

दुसरी गोष्ट मालकीची. खेळाडूच्या नावाची फळी विकायची आणि त्याच्या हातावर रॉयल्टी टेकवायची, ही जुनी रीत. रोक्को म्हणाला, ये, तुझाच ब्रँड काढू. स्केटर मार्क गोन्झालेस व्हिजन सोडून आला आणि ब्रँडचं नाव ठेवलं ब्लाइंड. व्हिजन म्हणजे दृष्टी, म्हणून हा आंधळा! असला टोमणा आपल्याकडे फक्त वाडीतल्या भाऊबंदकीत ऐकायला मिळतो. मग नाटास कौपासचा 101 आला, 1991 मध्ये माइक टर्नास्कीचा प्लॅन बी. पॉवेल, व्हिजन, सांताक्रूझ या जुन्या कंपन्या बघत राहिल्या.

1992 मध्ये एका नियतकालिकाने जाहिरात नाकारली, तर याने स्वतःचंच काढलं, ‘बिग ब्रदर’. त्याच कंपूतून पुढे एमटीव्हीवरचा जॅकअ‍ॅस हा अचाट, अंगाशी येणाऱ्या उचापतींचा कार्यक्रम निघाला. त्यावर जास्त बोलत नाही, घरात त्यावरून पुरेशी भांडणं झालीत.

आता मला खटकतं ते. रोक्कोकडच्या रँडी कॉल्विन या स्केटरच्या डेकवर नागड्या बाईचं चित्र होतं आणि तो काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विकला गेला. सेन्सॉरशिपचा निषेध म्हणे! गिऱ्हाईक कोण, तर बारा-चौदा वर्षांची पोरं. बंड करायचंच होतं तर बड्या कंपन्यांशी करा ना. त्यात बाईचं अंग कशाला मध्ये? दुकानाच्या भिंतीवर असल्या फळ्या टांगल्यात म्हटल्यावर दारातून आत डोकावलेली मुलगी काय समजायची ते समजली असणार. रोक्कोचं कौतुक करताना हा भाग ‘तेव्हाचा काळच तसा होता’ म्हणून गुंडाळतात. मला नाही पटत.

गंमत म्हणजे रोक्कोचा डाव रोक्कोवरच उलटला. 1993 मध्ये रिक हॉवर्ड आणि माइक कॅरोल हे स्केटर त्याच्या छत्रीखालून बाहेर पडले, बरोबर चांगले चांगले खेळाडू घेऊन गेले आणि स्वतःची कंपनी काढली. जे रोक्कोने पॉवेलचं केलं, तेच. मला यात रोक्कोची हार नाही दिसत. मालकीची चटक त्यानेच तर लावली होती. तो पुढे फ्लेम बॉय, वेट विली अशी कार्टूनं छापून लहान पोरांच्या बाजारात शिरला आणि 1998 मध्ये कंपनी एका गुंतवणूक फंडाला विकून मोकळा झाला. बंडखोराने सुटाबुटातल्या लोकांना माल विकला म्हणून नाकं मुरडणारे भेटतात. मी म्हणते, विकेल नाही तर काय, लोणचं घालेल?

हॉवर्ड-कॅरोलच्या त्या कंपनीचं नाव गर्ल. लोगो म्हणजे बायकांच्या टॉयलेटच्या दारावर असतं ना, ते झग्यातलं चित्र. आणि सुरुवातीच्या टीममध्ये सगळे बाप्ये! गॅरेजमधला मोडका डेक गर्लचाच आहे, तडा नेमका त्या झग्यातून गेलाय. शनिवारी नवा आणायला जायचंय. या वेळी धाकटी पण येते म्हणतेय.